चाव्या मिळाल्या, जाण मिळाली काय?

सरकारी कचेरीतून एक अधिकारी बदलून जातो आणि त्याच्या जागी दुसरा येतो, तेव्हा तेथे एक छोटासा विधी पार पडत असतो. कपाटांच्या चाव्या मोजून दिल्या जातात, फायलींची यादी होते, खुर्च्यांवर रंगवलेले आकडे वहीशी ताडून पाहिले जातात आणि दोघांच्या सह्या झाल्या की ‘चार्ज’ दिला-घेतला असे समजण्यात येते. जाणाऱ्याच्या डोक्यात जे होते त्याची यादी मात्र कोणी करीत नाही. कोणत्या नाल्याचे पाणी कोणत्या पावसात उलटते, कोणत्या वहिवाटीचा तंटा पूर्वी कोणी कसा मिटविला, कोणाच्या शब्दावर गांव उठतो, हे सारे तो आपल्याबरोबर घेऊन जातो. एका अधिकाऱ्याच्या बाबतीत हे नुकसान फारसे जाणवत नाही, कारण हाताखालची जुनी कारकून मंडळी जागेवर असतात. परंतु जेव्हा एखादी संस्थाच बाजूला सारली जाते आणि तिचे काम कायद्याच्या एका कलमाने दुसऱ्या संस्थेकडे सोपविले जाते, तेव्हा मागे कोण उरते? गोमंतकातील खाजनांच्या गेल्या पन्नास वर्षांच्या इतिहासात ह्या प्रश्नाचे उत्तर आहे. दर पावसाळ्यात कोठे ना कोठे बांध फुटल्याची बातमी येते, आम्ही ती छापतो, वाचक हळहळतात, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत सर्व काही विसरले जाते. म्हणून बांध फुटण्याच्या मोसमाची वाट न पाहता हा विषय आज हाती घेत आहोत.

खाजन म्हणजे काय हे तिसवाडी, बारदेस वा सासष्टीतील शेतकऱ्याला सांगणे म्हणजे माशाला पोहायला शिकविण्यासारखे आहे. परंतु शहरात वाढलेल्या पिढीसाठी थोडे सांगणे भाग आहे. मांडवी आणि जुवारी ह्या नद्यांत समुद्राची भरती 40 किलोमीटर आंतपर्यंत चढते. ह्या नद्यांच्या काठची सखल जमीन भरतीच्या पातळीहून खाली आहे. मोकळी सोडली तर दिवसातून दोनदा ती खाऱ्या पाण्याखाली जाईल. आमच्या पूर्वजांनी चिखल, पेंढा, बांबू आणि चिरे वापरून नदीकाठी बांध घातले, बांधांत ठिकठिकाणी दगडी तोंडे ठेवली आणि त्या तोंडांना लाकडी झडपा बसविल्या. हीच मानस. भरतीचे पाणी बाहेरून दाबले की झडप आपोआप मिटते, ओहोटीला आंतले पाणी बाहेर रेटते तेव्हा ती उघडते. आंतल्या बाजूला पाणी सांठायला पोंय, पोंयीच्या काठी आणखी एक लहान बांध, आणि त्याच्या पलीकडे कोरगुटासारखे खारटपणा सोसणारे भात. पीक निघाल्यावर मोजके खारे पाणी आंत घ्यायचे, त्याबरोबर येणारी मासळी आणि सुंगटे धरायची, पावसाळ्यापूर्वी ते पाणी काढून टाकायचे आणि पहिल्या पावसांनी जमिनीतले मीठ धुवून निघाले की पेरणी करायची. अशी सुमारे 18,000 हेक्टर जमीन गोमंतकात आहे असे सामान्यतः मानले जाते. ती निसर्गाने दिलेली नाही, समुद्राशी रोज भांडून मिळविलेली आहे. कोंकणच्या मौर्य कुळातील अनिर्जितवर्मा ह्याच्या बांदोडे ताम्रपटात खज्जन जमिनीच्या दानाचा उल्लेख सापडतो. म्हणजे हे भांडण दीड हजार वर्षांच्या घरात गेले.

इतकी शतके हे भांडण चालविले कोणी? गांवकरीने, जिला पोर्तुगीजांनी पुढे कोमुनिदाद हे नाव दिले. 1526 साली आफोंसो मेशिया ह्या त्यांच्या महसुली अधिकाऱ्याने गांवकरीच्या चालीरीती फोरालात लिहून काढल्या. संस्था त्यापूर्वीची, नाव मात्र परक्यांचे. ह्या संस्थेविषयी आमच्या मनात भाबडे प्रेम नाही. गांवकर म्हणून जन्माला आलेल्यांनाच तेथे स्थान होते, जोण त्यांच्याच घरी जात होता, आणि ज्या कुळांनी व मुंडकारांनी कंबरभर चिखलात उभे राहून बांध घातले त्यांस सभेत बसण्याचाही अधिकार नव्हता. ही गोष्ट विसरून जे गांवकरीच्या सोन्याच्या दिवसांचे गोडवे गातात त्यांच्या पंक्तीला आम्ही बसणार नाही. पण संस्था अन्यायी असली म्हणून अजाण असते असे नाही. कोणत्या बांधाला कोणत्या वर्षी किती माती पडली, कोणती मानस कोणाला किती मुदतीने दिली, पाण्यावरून दोन वाड्यांत तंटा झाला तेव्हा काय ठरले, कोणाला दंड झाला आणि तो वसूल झाला की नाही, हे सर्व तिच्या वह्यांत आणि तिच्या माणसांच्या स्मरणात होते. बांध फुटला तर मध्यरात्री कोणी कोणाला हाक मारायची हेही ठरलेले होते.

मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने 1964 साली कूळ कायदा आणला. 1975 च्या नियमांनी बांध आणि मानशी राखण्याची संयुक्त जबाबदारी कुळांवर टाकली व त्यासाठी कूळ संघ स्थापन झाले. 1976 साली शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना पाचवी दुरुस्ती झाली आणि कसणारा जमिनीचा मालक झाला. कसेल त्याची जमीन ह्या तत्त्वाचा आम्ही पुरस्कार केला आहे आणि आजही करतो. ज्यांचे पूर्वज पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याची शेते कसत आले त्यांस ताठ मानेने उभे करणारा हा कायदा होता, आणि त्याला बोल लावण्यासाठी हा लेख आहे असा समज कोणीही करून घेऊ नये.

तरीही त्या कायद्यात एक गोष्ट राहून गेली. खाजन राखण्याच्या ज्ञानाचे दोन अर्धे होते आणि ते दोन वेगवेगळ्या ठिकाणी वस्तीला होते, हे कोणाच्या ध्यानी आले नाही. एक अर्ध हातातले. चिखल कोठचा घ्यावा, तो किती वाळला म्हणजे रचावा, पेंढा कसा अंथरावा, खेकड्याने पाडलेले भोक कोठे धोक्याचे आणि कोठे निरुपद्रवी, हे कुळाला ठाऊक होते. दुसरे अर्ध व्यवस्थेतले. पैसा कोठून काढायचा, काम कोणाकडून किती घ्यायचे, मासळीचा लोभ आणि भाताची गरज ह्यांत तोल कसा राखायचा, न ऐकणाऱ्याला वठणीवर कसे आणायचे, हे गांवकरीला ठाऊक होते. 1976 साली जमीन पहिल्या अर्धाच्या धन्याकडे गेली, आणि ते योग्यच झाले. परंतु दुसरे अर्ध त्याच्या स्वाधीन करण्याची तजवीज कोणत्याही कलमात नव्हती. ते राहिले गांवकरीच्या पोर्तुगीज भाषेतल्या दप्तरांत आणि ज्यांची जमीन गेली अशा मनाने दुखावलेल्या माणसांच्या डोक्यात. ती माणसे ते आपण होऊन सांगायला येणार नव्हती, आणि त्यांच्याकडे जाऊन विचारावे असे नव्या राजवटीतही कोणाला वाटले नाही. पराभूत झालेल्या संस्थेकडून शिकण्यासारखे काही असते हे विजयाच्या दिवसांत सुचत नाही. आम्हांसही त्या वेळी ते सुचले नव्हते.

ह्याचा परिणाम सर्वप्रथम मानशींवर दिसला. मानशीत मासळी धरण्याच्या हक्काची पावणी पूर्वीही होत असे. मात्र मासळी ही शेतीच्या पाठीमागून येणारी बाब होती. पावणी घेणाऱ्याने झडपा केव्हा उघडाव्यात, किती पाणी घ्यावे, ह्यावर नजर असे. सुंगटांचे भाव चढले तेव्हा मानशीचे उत्पन्न भाताच्या उत्पन्नाला कोठच्या कोठे मागे टाकू लागले. कूळ संघाच्या हाती आयते पैसे येऊ लागले, आणि पावणी घेणारा जे मागेल त्याला ‘नाही’ म्हणणारा आवाज सभेत उरला नाही. मानशीचा उंबरठा किती उंचीवर असावा ह्याला शास्त्र आहे. तो खाली खणला की ओहोटीला पाणी अधिक वेगाने ओढले जाते आणि जाळ्यात मासळी अधिक पडते. पण तोच वेग पोंयीच्या कडा आणि बांधाचा पाया पोखरतो. झडप ठरल्यापेक्षा जास्त वेळ उघडी ठेवली तर मासळी वाढते आणि मीठ शेतात शिरते. हे जुन्या माणसांस माहीत होते म्हणून त्यांनी मर्यादा घातल्या होत्या. मर्यादा का घातली हे विसरले गेले की ती निव्वळ अडचण वाटू लागते, आणि अडचण दूर करायला कितीसा वेळ लागतो? काही ठिकाणी तर बांध फुटला नाही, फोडला गेला, असे गांवोगांव उघड बोलले जाते.

पुढची साखळी सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. बांध फुटला की शेत पडीक होते. पडीक शेतात खारे पाणी येत-जात राहिले की काही वर्षांत तेथे खारफुटी उगवते. खारफुटी उगवली की किनारी नियमनाचा कायदा जागा होतो आणि ती तोडण्यास मनाई होते. म्हणजे ज्या शेतात कालपरवापर्यंत भात होत होते ते परत मिळविणे हाच आज गुन्हा ठरावा अशी अवस्था. खारफुटीशी आमचे वैर नाही. बांधाच्या बाहेरच्या अंगाला तिने लाटा अडवाव्यात म्हणून पूर्वज तिला जपत आले. बाहेर ती रक्षक आणि आंत ती भक्षक, हा विवेक खाजन जाणणाऱ्याला सांगावा लागत नाही. कायद्याला तो कळत नाही, आणि कायदा राबविणाऱ्याला समजावून सांगणारा माणूस आता प्रत्येक गांवी मिळतोच असे नाही.

ह्यावर कोणी म्हणेल की सरकारजवळ कृषि खात्याचा मृदसंधारण विभाग आहे, जलस्रोत खाते आहे, पदवीधर अभियंते आहेत. मग चार म्हाताऱ्यांच्या आठवणींचे एवढे अवडंबर कशाला? अभियंत्यांची विद्या आम्ही कमी लेखीत नाही. खनिजाच्या बार्जींच्या लाटांनी जे बांध ढासळले ते केवळ चिखलपेंढ्याने सांभाळता आले असते असेही नव्हे. पण सिमेंटची ताकद किती हे अभियंत्याला ठाऊक असते. अमुक खाजनाच्या तळाचा चिखल किती खोल आहे आणि त्यावर चढविलेले ओझे कोणत्या अंगाला खचते, हे त्याला तेथे तीन-चार पावसाळे काढल्यावाचून कळत नाही, आणि तितक्यात त्याची बदली होते. लोखंडी झडप दिसायला मजबूत दिसते, खारे पाणी तिला खाऊन टाकते. लाकडाची फळी कुजली तर गांवातला सुतार ती बदलू शकत होता. कूळ संघांवर देखरेख ठेवणारे मामलेदार तर ह्याहूनही लवकर बदलतात. सतत बदलणाऱ्या खात्याला एक स्थिर स्मृती लागते. पूर्वी ती गांवकरीने पुरविली. आज ती पुरविण्याचे काम कोणाकडे आहे, हे कोणत्याही शासकीय आदेशात लिहिलेले आमच्या वाचनात नाही.

आणि जे पहिले अर्ध कुळांच्या हाती होते, ते तरी कोठे राहिले आहे? कुळांची मुले शिकली, बोटीवर गेली, आखातात गेली, खाणींवर आणि हॉटेलांत गेली. त्यांनी जाऊ नये असे आम्ही कसे म्हणावे? चिखलातून बाहेर पडण्यासाठीच तर सारा लढा होता. तेव्हा मानशीवर आज जे उरले आहेत ते बहुतेक साठी-सत्तरीचे. त्यांच्यापैकी अनेकांस घड्याळाची गरज पडत नाही. भरती रोज सुमारे दोन घटका उशिरा येते, तिथीची पाऊणपट केली की तिची वेळ निघते, अंवस-पुनवेनंतरचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग ह्यांत किती फरक पडतो, हा हिशेब त्यांच्या अंगवळणी पडलेला आहे. वेळ तर आज पंचांगात आणि मोबाईलवरही मिळते. परंतु मागे डोंगरात दोन दिवस संततधार लागलेली असताना उधाणाच्या रात्री झडपेपाशी नेमके काय करायचे, हे कोठेही छापलेले नाही.

ह्या मंडळींविषयी आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. त्यांच्यापैकी काही जण आपली विद्या कोणाला सांगत नाहीत, आणि त्याबद्दल त्यांस नावे ठेवण्याची रीत पडली आहे. ज्याला मान नाही आणि निवृत्तिवेतनही नाही, त्याच्यापाशी भांडवल म्हणून हीच एक वस्तू असते. ती फुकटात दिली की दुसऱ्या दिवशी त्याला कोण विचारणार? कारखान्यातला जुना मेस्त्री असो, देवस्थानचा कारभारी असो की मानशीवरचा म्हातारा असो, बदलाच्या काळात प्रत्येक जाणता हाच विचार करतो. त्याच्याकडून विद्या घ्यायची असेल तर त्या विद्येचे मोल आधी मोजून त्याच्या हातावर ठेवले पाहिजे. नुसत्या सत्काराच्या शालीने हे काम होणार नाही.

बदल येण्यापूर्वी जाण लिहून ठेवली तर काय होते, ह्याचे एक उदाहरण आमच्याच गोमंतकात आहे. पणजीचे पुरातत्त्व दप्तर 1595 पासूनचे. त्याचा पहिला रक्षक दियोगो दो कौतु. शेकडो वर्षांची ती कागदांची रास, भाषा पोर्तुगीज, अक्षर जुने, आणि कोठे काय आहे हे केवळ तेथे आयुष्य घालविलेल्यालाच माहीत. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर हे अनेक वर्षे त्या दप्तराचे प्रमुख होते. त्यांनी 1955 साली त्या दप्तराची एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. पुढे सहाच वर्षांत राज्यच बदलले. जुनी सत्ता गेली, तिची भाषा कचेऱ्यांतून हद्दपार झाली, जुने नोकर निघून गेले. पण कोणत्या खोलीतल्या कोणत्या मालिकेत मराठ्यांचा पत्रव्यवहार आहे आणि कोणत्या मालिकेत महसुलाचे कागद आहेत, हे शोधत नव्या माणसांस अंधारात चांचपडावे लागले नाही. पिसुर्लेकर 1969 साली निवर्तले. त्यांची मार्गदर्शिका आजही अभ्यासकांच्या हाताशी असते. राज्य बदलणार आहे म्हणून त्यांनी ती लिहिली असे आम्ही म्हणत नाही. आपण गेल्यावरही दप्तर वापरात राहावे एवढी साधी जाणीव त्यांना होती, आणि तेवढी पुरली.

कोमुनिदादींच्या वह्यांना असा पिसुर्लेकर लाभला नाही. 15 एप्रिल 1961 रोजी पोर्तुगीज सरकारने कोमुनिदादींची नवी संहिता जारी केली आणि त्यानंतर आठ महिन्यांत ते सरकारच गेले. संहिता राहिली, वह्या राहिल्या, त्या वाचणारे मात्र एकेक करून कमी झाले. काही जुने हिशेब तर गोंयकानडी लिपीत आहेत; ती वाचणारे आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असावेत. ह्या वह्यांकडे वकील जातात ते भूखंडाच्या मालकीसाठी. बांधाचा इतिहास म्हणून त्या कोणी उघडल्या तर शे-सव्वाशे वर्षांत कोणता बांध कोठे व का फुटला, तो दुरुस्त करायला काय लागले, हे एका जागी मिळण्याची शक्यता आहे. आमच्या महाविद्यालयांतून पोर्तुगीज शिकणारे विद्यार्थी आहेत. पणजीत गोवा विद्यापीठाच्या प्रबंधांची चर्चा होते, विषय मिळत नाहीत अशी तक्रारही कानांवर येते. विषय वाळवीच्या तोंडी पडून आहेत.

किनारी नियमनाच्या 2011 सालच्या अधिसूचनेने गोव्यातील खाजनांचे रक्षण करावे आणि त्यांच्यासाठी व्यवस्थापनाचा आराखडा करावा, असे सांगितले होते. आराखडा म्हटला की आमच्याकडे नकाशे रंगवले जातात, उपग्रहाची चित्रे मागविली जातात, सल्लागार नेमले जातात. ते सर्व होवो. पण प्रत्येक मानशीची एक वही असल्याखेरीज आराखड्याला आम्ही आराखडा म्हणणार नाही. तीत उंबरठ्याची उंची असावी, आणि ती वहीतच नव्हे तर मानशीच्या दगडावरही कोरलेली असावी, म्हणजे खाली कोणी खणले ते पोराटोरालाही दिसेल. झडपा कधी बदलल्या, कोणते लाकूड वापरले, बांध कोठे पाझरतो, गेल्या फुटीच्या वेळी काय केले आणि त्यातले काय फसले, हे तीत असावे. फसलेले विशेष करून असावे, कारण आमच्या सरकारी कागदांत फसलेले कधी सापडत नाही. वही मराठीत वा कोंकणीत असावी, कूळ संघाच्या चिटणिसाला वाचता यावी, आणि संघाची कमिटी बदलली की नव्या कमिटीने ती मानशीवर उभे राहून, एका भरती-ओहोटीच्या काळात, जुन्या कमिटीकडून समजून घ्यावी. मामलेदाराने चार्जावर सही करण्यापूर्वी एवढे झाले की नाही हे विचारावे. पावणीच्या करारात ह्या वहीतल्या मर्यादा शब्दशः घालाव्यात आणि त्या मोडणाऱ्याची अनामत जप्त व्हावी.

वहीने सर्व काही साधेल असा आमचा भ्रम नाही. चिखल कितपत वाळला हे बोटांनी चेपून पाहावे लागते. ते शाईने उतरत नाही. त्यासाठी जुन्या माणसाबरोबर नव्या माणसाने दोन-तीन पावसाळे काढावे लागतात. एक गेल्यावर दुसरा नेमण्याची जी सरकारी रीत आहे तिच्यात नेमकी ही सोय नाही. मासळीच्या पावणीतून येणाऱ्या पैशांतला काही भाग ह्या कामी राखून ठेवता येईल. ज्या उत्पन्नाच्या लोभाने ही विद्या उधळली गेली त्याच उत्पन्नातून तिची भरपाई व्हावी, ह्यात अनुचित काही नाही.

पुढच्या उन्हाळ्यात, पावसापूर्वी, मानशींच्या फळ्या बदलण्याची आणि बांधांवर माती टाकण्याची कामे निघतील. कंत्राटे दिली जातील, माणसे बहुधा बाहेरगांवची येतील आणि काम आटोपून निघून जातील. त्या प्रत्येक कामावर गांवातला एक जाणता म्हातारा आणि एक तरुण मुलगा सुरुवातीपासून अखेरपर्यंत हजर असावा, आणि त्या दोघांच्याही मजुरीची रक्कम कृषि खात्याने अंदाजपत्रकातच धरावी. अंदाजपत्रकात ती एका ओळीहून अधिक जागा घेणार नाही.